खेड्याची शिरगणती

महसूल खात्याच्या दप्तरांत गांवांची जी यादी असते, तिच्यांत कांहीं नांवांपुढें एकच शब्द लिहिलेला आढळतो: बेचिराख. चिराख म्हणजे दिवा. ज्या गांवांत तिन्हीसांजेला दिवा लावावयास कोणी उरलें नाहीं, तें गांव बेचिराख. अशा गांवाला नांव असतें, शीव असते, नकाशावर जागा असते, त्याच्या जमिनीचा सारा वसूल होतो. नसतात तीं फक्त माणसें. आमच्या वऱ्हाडांत अशा जागेला रीठ असेंहि म्हणतात. एखादी बुजलेली विहीर, चिंचेचीं दोन झाडें, शेंदूर फासलेला मारुती आणि पांढऱ्या मातीचा उंचवटा, एवढीच काय ती खूण मागें राहिलेली असते.

जुन्या कुणबाऊ भाषेंत शेताला काळी आणि गांवठाणाला पांढरी म्हणतात. काळी कोठें जात नाहीं. पांढरी मात्र वसते, वाढते, आटते आणि केव्हां केव्हां उठूनहि जाते. ही पांढरी कां वाढते व कां आटते, याचा थोडासा विचार वाशिम जिल्ह्याच्या उदाहरणावरून आपण आज करूं या. विषय आंकड्यांचा आहे. परंतु आंकडा म्हटला कीं तो रुक्षच असला पाहिजे असें नाहीं. घरांतील रोजमेळ ज्याला वाचतां येतो त्याला त्या घराचें सुखदुःख कळतें. गांवच्या माणसांच्या हिशोबाचेंहि तसेंच आहे.

वाशिमच कां निवडलें, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, या भूमीवर मनुष्यवस्तीचा लेख फार लांबवर मागें जातो. वाकाटकांची एक शाखा येथें राज्य करीत होती आणि तिची राजधानी वत्सगुल्म म्हणजेच आजचें वाशिम. अकबराच्या काळांतील ‘आइन-इ-अकबरी’ या ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्यें बासिम या सरकाराची नोंद आहे. इंग्रजी अमलांत बासिम हा वऱ्हाडचा एक स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत वांटून टाकण्यांत आले. पुढें त्र्याण्णव वर्षांनीं, १ जुलै १९९८ रोजीं, अकोला जिल्ह्याचें विभाजन होऊन वाशिम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा अशा सहा तालुक्यांचा नवा वाशिम जिल्हा निर्माण झाला. असा हा प्रदेश; आणि २०११ सालीं येथील शंभरांपैकीं ब्याऐंशी माणसें खेड्यांत राहत होतीं. खेड्यांचा हिशोब पाहावयाचा तर असा जिल्हा घ्यावा.

प्रथम या हिशोबाची रीति समजून घेऊं. कोणत्याहि गांवाच्या वस्तीला चारच दरवाजे असतात. जन्म आणि आगमन हे दोन दरवाजे आंत येण्याचे. मृत्यु आणि निर्गमन हे दोन बाहेर जाण्याचे. दहा वर्षांपूर्वींच्या संख्येंत आंत आलेले मिळवा, बाहेर गेलेले वजा करा, कीं आजची संख्या आलीच. हें इतकें सोपें आहे. पण एकूण संख्या तेवढी पाहिली म्हणजे कोणत्या दरवाज्यांतून किती ये-जा झाली हें कळत नाहीं. ज्या गांवांत पन्नास मुलें जन्मलीं व पन्नास माणसें मेलीं, आणि ज्या गांवांत कोणी जन्मलें नाहीं व कोणी मेलें नाहीं, अशा दोन्ही गांवांची संख्या कागदावर सारखीच स्थिर दिसेल. परंतु एका गांवांत रडण्याचा आवाज शंभर वेळां उठला आणि दुसऱ्यांत एकदांहि नाहीं, हा केवढा भेद! म्हणून शहाणा वाचक बेरजेवर थांबत नाहीं. तो चारी दरवाजांशीं जाऊन उभा राहतो.

या दरवाजांवरचे पहारेकरी दोन. एक खानेसुमारी, जिला शिरगणती आणि आतां जनगणना म्हणतात. ती दहा वर्षांनीं एकदां येते. दुसरा गांवचा कोतवाल. जन्ममृत्यूच्या नोंदींच्या जुन्या वहीला विदर्भांत अद्यापि कोतवाल-बुक म्हणतात आणि जातीच्या दाखल्यासाठीं पणजोबांचें नांव शोधीत माणसें तहसील कचेरींत त्याच वहीची नक्कल मागतात. नांव, बापाचें नांव, जात, तारीख आणि मृत्यूचें कारण, एवढ्या चार-पांच रकान्यांत एका जन्माची इतिश्री झालेली असते. मृत्यूच्या कारणांपुढें ताप हा शब्द जितक्या वेळां येतो, तितक्या वेळां दुसरा क्वचितच येत असेल. कारण कोतवाल हा कांहीं वैद्य नव्हे.

वऱ्हाडची पहिली खानेसुमारी १८६७ सालीं झाली. त्या वेळीं सबंध वऱ्हाडांत सुमारें २२ लक्ष माणसें मोजलीं गेलीं. त्याच्या आधींचें अर्धशतक या प्रांताला सुखाचें गेलें नव्हतें. १८०३ सालीं अडगांवची व गाविलगडची लढाई झाली, पाठोपाठ दुष्काळ आला, पुढें निजामाच्या कारभारांत इजारदारांचा जाच आणि लुटारूंचा उपद्रव चालू राहिला. कितीतरी पांढऱ्या याच काळांत उठल्या. गांव उठतें म्हणजे काय होतें, हें समजून घेण्यासारखें आहे. माणसें एकाएकीं नाहींशीं होत नाहींत. प्रथम सुतार किंवा लोहार जातो, कारण बलुतें पुरत नाहीं. नांगराचा फाळ शेवटावयास शेजारच्या गांवीं जावें लागतें. मग विहीर आटते, अथवा पटकीची एक साथ येते. चार घरें शेजारच्या मोठ्या गांवच्या आश्रयाला जातात. उरलेल्या घरांना रात्रीची भीति वाटूं लागते. एके वर्षीं शेवटचें घरहि बैलगाडींत आढें-वांसे भरून निघतें. जमीन तीच माणसें कसतात, पण चालत येऊन. काळी चालू राहते, पांढरी विझते.

१८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें; तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकांत मुंबईहून लोहमार्ग वऱ्हाडांतून नागपूरपर्यंत पोंचला. पडीत जमिनी लागवडीखालीं आल्या आणि मजुरी शोधीत बाहेरचीं माणसें वऱ्हाडांत येऊं लागलीं. म्हणजे या वेळीं गांवाचा जो दरवाजा सताड उघडला तो आगमनाचा. लमाणांचे तांडेहि याच काळांत स्थिर होऊं लागले. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून देशभर हिंडणाऱ्या या लोकांचा व्यापार आगगाडीनें बुडविला. तेव्हां ते डोंगरउतारावर, गांवापासून थोडें अंतर राखून, वस्ती करूं लागले. मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें बंजारा समाजाचें पुण्यक्षेत्र आज सर्वांना ठाऊक आहे. गांवाशेजारीं तांडा ही जी जोडी वाशिम जिल्ह्यांत जागोजागीं दिसते, तिच्यामागें असा हा बैल आणि आगगाडी यांच्या लढ्याचा इतिहास आहे.

बासिम जिल्ह्यांत १८८१ सालीं ३,५८,८८३ माणसें होतीं. दहा वर्षांनीं, १८९१ सालीं, ती संख्या ३ लक्ष ९८ हजारांवर गेली. ह्याच वेगानें पुढें जावयाचें, तर १९०१ सालीं ती सव्वाचार लक्षांच्या पुढें असावयास हवी होती. प्रत्यक्षांत १ मार्च १९०१ च्या रात्रीं मोजणी झाली तेव्हां निघालीं ३,५३,४१०. श्रोतेहो, ही संख्या नीट पाहा. ती १८९१ पेक्षां तर कमी आहेच, पण १८८१ पेक्षांहि कमी आहे. वीस वर्षांत जन्मलेलीं, वाढलेलीं आणि बाहेरून आलेलीं सारीं माणसें जणूं एका दशकानें गिळून टाकलीं.

असें काय घडलें? १८९९ सालीं पाऊस गेला. विक्रम संवत् १९५६ या वर्षावरून त्याला छपन्नाचा दुष्काळ म्हणतात. पण पाऊस जाणें हें एकच कारण सांगून भागत नाहीं. ज्या कापसानें माणसें बोलाविलीं त्याच कापसानें ज्वारीची जमीनहि घेतली होती. पूर्वीं कुणब्याच्या घरीं ज्वारीचें पेंव असे. एक वर्ष पीक बुडालें तर पेंव उघडावयाचें. कापूस विकून पैसा हातीं आला, परंतु पैशाचें पेंव करतां येत नाहीं. तो सावकाराकडे जातो, लग्नांत जातो, साऱ्यांत जातो. मजुराची स्थिति तर याहून कठीण. शेतांत पीक नाहीं म्हणजे निंदणी नाहीं, वेंचणी नाहीं, आणि मजुरी नाहीं म्हणजे बाजारांत धान्य असूनहि तें त्याचें नव्हे. अर्धपोटीं माणसें सरकारी कामांवर एकत्र आलीं, तेथें पाणी दूषित झालें आणि पटकी व अतिसार यांनीं उरलेलें काम केलें. भुकेनें जितके मेले त्याहून भुकेच्या मागून आलेल्या रोगांनीं अधिक मेले, हा दुष्काळांचा सर्वत्र आलेला अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट. सबंध वऱ्हाडची वस्ती त्या दशकांत शेंकडा ५ नीं घटली; बासिम जिल्ह्याची मात्र शेंकडा ११ नीं. लोहमार्ग गेला होता तो पायनघाटांतून, म्हणजे पूर्णेच्या सपाट खोऱ्यांतून. बासिम बालाघाटांत, वरच्या पठारावर. तेथें धान्य न्यावयाचें तर घाट चढून बैलगाडीनें. आणि दुष्काळांत बैलहि उपाशीच असतो. हलकी जमीन, दूर असलेली आगगाडी आणि परक्या बाजारावर टेंकलेलें पीक अशा तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे एका वर्षाच्या अवर्षणाचा केवढा संहार होतो, हें या आंकड्यांवरून दिसतें.

पुढील दहा वर्षांत वऱ्हाडनें पुन्हां अंग धरलें. तोंच १९१८ सालीं मानमोडी आली. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीनें एकट्या हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हा तिची सर्वांत अधिक झळ पोंचलेल्या प्रांतांपैकीं एक होता. त्याच वर्षीं पाऊसहि अपुरा होता. इतर रोग पोरें आणि म्हातारीं नेतात. या रोगानें वीस ते चाळीस वयाचीं, कर्तीं माणसें नेलीं, आणि त्यांतहि स्त्रिया अधिक. आई-बाप गेले म्हणजे पुढच्या वर्षांचे जन्महि जातात. म्हणून १९२१ च्या गणनेंत वऱ्हाडची वस्ती दहा वर्षांपूर्वीं होती तेथेंच जवळजवळ उभी राहिलेली दिसते. आणि सबंध देशाची वस्ती तर २५ कोटी २१ लक्षांवरून २५ कोटी १३ लक्षांवर उतरली. देशाच्या लोकसंख्येचा अभ्यास करणारे १९२१ या सालाला मोठा दुभाजक मानतात. कारण त्यानंतर प्रत्येक गणनेंत देशाची संख्या वाढतच गेली आहे.

ती कां वाढली याविषयीं सुशिक्षित समाजांतहि एक गैरसमज आढळतो. लोकांना पूर्वींपेक्षां अधिक मुलें होऊं लागलीं, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. आमच्या आजीला आठ मुलें झालीं आणि तिच्या आजीलाहि आठच झालीं. भेद इतकाच कीं, एकीचीं तीन जगलीं व दुसरीचीं सहा. जन्माचा दरवाजा पूर्वींइतकाच उघडा राहिला, मृत्यूचा मात्र हळूहळू लोटला गेला. देवी काढणें, स्वच्छ पाणी, १९५३ नंतरची हिंवतापाविरुद्धची मोहीम, जंतुनाशक औषधें यांनीं तें केलें. १९४१-५१ च्या दशकांत हिंदी माणसाचें सरासरी आयुष्य सुमारें ३२ वर्षांचें होतें. २०११ च्या सुमारास तें दुपटीहून अधिक झालें. आणि १९७२ चा महाराष्ट्रांतील दुष्काळ आठवा. पाऊस गेला, विहिरी आटल्या, गुरें गेलीं. पण छपन्नांत माणसें जशीं मेलीं तशीं तीं या वेळीं मेलीं नाहींत. गांवोगांव खडी फोडण्याचीं आणि तळीं खणण्याचीं कामें निघालीं, मजुराच्या हातीं पैसा पडला, बाहेरचें धान्य आगगाडी व मोटारींनीं पोंचलें. त्याच अनुभवांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं आला. पाऊस पडणें मनुष्याच्या हातीं नाहीं. पण पाऊस न पडल्यास कोणी मरावें कीं नाहीं, हें बरेंचसें मनुष्याच्याच हातीं आहे.

आतां जुन्या आणि नव्या वाशिमची तुलना करूं. दोहोंच्या हद्दी सारख्या नाहींत. जुन्या जिल्ह्यांत पुसद होतें, नव्यांत तें नाहीं व कारंजा आहे. म्हणून एकूण संख्या शेजारीं ठेवणें बरोबर होणार नाहीं. दर चौरस मैलाचा हिशोब ढोबळ मानानें करतां येईल. १९०१ सालीं बासिम जिल्ह्यांत दर चौरस मैलास १२० माणसें होतीं. २०११ सालीं वाशिम जिल्ह्याची वस्ती ११,९७,१६० होती, म्हणजे दर चौरस मैलास सुमारें ६३० माणसें. एकशेंदहा वर्षांत पांचपटींहून अधिक. काळी तेवढीच, पांढरी पांचपट. एका भावाच्या शेताचे पांच भावांत तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकड्यावर बांध आला. खेड्यांतून बाहेर जाणाऱ्या रस्त्याचा उगम शहरांत नसून या बांधांत आहे.

या ठिकाणीं इंग्लंडकडे क्षणभर पाहूं. तेथें १८०१ पासून दर दहा वर्षांनीं खानेसुमारी होत आली आहे. मध्यंतरीं १९४१ सालीं तेवढी महायुद्धामुळें ती चुकली. त्यामुळें एकेका खेड्याची दोनशें वर्षांची कथा सांगतां येते. १८५१ सालींच तेथें खेड्यांपेक्षां शहरांत अधिक लोक राहूं लागले होते. त्यानंतर पुष्कळ इंग्रजी खेडीं ओसरत गेलीं. पण तीं मृत्यूच्या दरवाज्यानें नव्हे, निर्गमनाच्या. यंत्रें शेतांत आलीं, अमेरिकेचा स्वस्त गहूं बाजारांत आला आणि शेतमजूर गिरण्यांत, खाणींत व वसाहतींत निघून गेला. शेजारच्या आयर्लंडमध्यें दोन्ही दरवाजे एकदमच उघडले: बटाट्याच्या दुष्काळामुळें १८४१ सालची सुमारें ८२ लक्षांची वस्ती १८५१ सालीं ६६ लक्षांखालीं आली. पुढें विसाव्या शतकांत मोटारीमुळें कांहीं इंग्रजी खेडीं पुन्हां भरलीं. पण भरलीं तीं शहरांत नोकरी करणाऱ्या व निवृत्त झालेल्या लोकांनीं. संख्या परत आली, गांव तेंच परत आलें असें म्हणतां येत नाहीं.

आमच्या खेड्यांचा रस्ता याहून निराळा आहे काय? कोंकणांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची वस्ती २००१ ते २०११ या दशकांत घटली. वाशिमची त्याच दहा वर्षांत शेंकडा १७ नीं वाढली. परंतु वाढीच्या या आंकड्याखालीं दुसरें पाणी वाहूं लागलें आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत एका स्त्रीला सरासरीनें १.७ मुलें होतात. पिढी टिकण्यास २.१ लागतात. म्हणजे आतां जन्माचाहि दरवाजा मिटत आला. त्यांतच कापूस-ज्वारीच्या जागीं गेल्या कांहीं दशकांत सोयाबीन आलें. तें शंभर-सव्वाशें दिवसांत निघतें आणि कापसाच्या वेंचणीइतके हात त्याला लागत नाहींत. हाताला काम उरलें नाहीं म्हणजे हात काम शोधीत जातात: पुण्याच्या कारखान्यांत, मुंबईच्या बांधकामावर. अकोला-पूर्णा मार्ग २००८ सालीं रुंद झाला. समृद्धि महामार्ग कारंजा-मालेगांवजवळून गेला. रस्ता हा दोन तोंडांचा असतो. तो गांवांत बाजार आणतो आणि गांवांतून मुलगा नेतो. मागें राहतात म्हातारीं माणसें, आणि शाळेचा पट उतरत जातो. २०२३ सालीं राज्यांत वीसांहून कमी पटाच्या शाळा समूहशाळांत मिळविण्याचा विचार पुढें आला होता. सुतार गेला म्हणजे गांव उठण्यास आरंभ होत असे, असें मी मघाशीं म्हटलें. आजच्या खेड्यांत सुताराची जागा शाळेनें घेतली आहे.

परंतु याहून गंभीर अशी एक गोष्ट शिरगणतीनें दाखविली आहे. निसर्गाच्या नियमानें हजार मुलग्यांमागें सुमारें साडेनऊशें मुली जन्मास येतात. वाशिम जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत २००१ सालीं हजार मुलग्यांमागें ९१८ मुली होत्या. २०११ सालीं त्या ८६३ च उरल्या. म्हणजे दर हजारीं ऐंशीहून अधिक मुली या हिशोबांत सांपडत नाहींत. त्या चार दरवाजांपैकीं कोणत्याहि दरवाज्यानें गेलेल्या नाहींत. त्यांना दरवाज्यांतून आंतच येऊं दिलें नाहीं. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालीं, देशांत सर्वांआधीं, कायदा केला. देशाचा कायदा १९९४ सालीं झाला. तरीहि असें घडलें. दुष्काळ आणि मानमोडी या आपत्ति बाहेरून आल्या होत्या. ही घरांतून आली. आणि ती अडाणी घरांतूनच आली, असेंहि समजूं नये. तपासणीचें यंत्र शहरांत असतें, तेथवर जाण्याची व तेथील फी देण्याची ऐपत असलेल्यांनींच तें वापरलें. कोतवालाच्या वहींत छपन्नाच्या मृत्यूंची निदान नोंद तरी आहे. यांची नोंद कोठेंहि नाहीं. वजाबाकी करावी तेव्हां त्या दिसतात.

आतां शेवटची गोष्ट. २०२१ सालीं व्हावयाची जनगणना महामारीमुळें झाली नाहीं. पुढें १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनें १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिवस ठरविण्यांत आला. जुन्या काळीं, १९३१ पर्यंत, सबंध देशाची गणना एका रात्रींत होत असे आणि त्यासाठीं शक्य तों चांदण्या रात्री निवडीत. तेव्हां जो जेथें आढळेल तो तेथला. आतां ती फेब्रुवारीच्या दोन-तीन आठवड्यांत होते आणि माणूस त्याच्या नेहमींच्या घरीं मोजतात. मात्र जें कुटुंब त्या सबंध अवधींत घरीं नसेल, तें जेथें सांपडेल तेथें मोजावयाचें, असा नियम आहे. नियम योग्यच आहे. पण फेब्रुवारींत ऊसतोडीचा हंगाम भरांत असतो. वाशिमच्या तांड्यांतून व गांवांतून जीं कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस किंवा वीटभट्ट्यांवर जातात, तीं पाडव्याच्या सुमारास परततात. गणक दारीं येईल तेव्हां त्या दारांना कडी असेल. उसाच्या फडांतील पालांतहि जर त्यांना कोणी विचारलें नाहीं, तर तीं कोठेंच मोजलीं जाणार नाहींत.

एका आंकड्यानें एवढें काय बिघडतें, असें आपणांस वाटेल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें धान्य किती लोकांना द्यावयाचें याची मर्यादा २०११ च्या गणनेवरून ठरली. पंधराव्या वित्त आयोगानें राज्यांचा वांटा ठरवितांना त्याच गणनेची संख्या धरली. ग्रामपंचायतींत सभासद किती असावे हेंहि वस्तीवरच ठरतें. जें गांव कागदावर लहान झालें, त्याच्या वांट्याचें धान्य, निधि आणि बोलणारीं माणसें सारींच कमी होतात, आणि मग तें खरोखरीच लहान होऊं लागतें. कागद आधीं गांवाचें वर्णन करतो आणि पुढें पुढें गांवाला कागदासारखें करून सोडतो.

म्हणून शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना माझें दोन गोष्टींचें सांगणें आहे. गणक आपल्या घरीं येतो तेव्हां जन्म कोठें झाला, यापूर्वीं कोठें राहत होतां आणि तें ठिकाण कां सोडलें असे प्रश्न तो विचारतो. ते निरर्थक समजून कसेंतरी उत्तर देऊं नका. निर्गमनाच्या दरवाज्यावर दुसरा पहारेकरी नाहीं. तेथील नोंद आपणच द्यावयाची आहे. आणि आपल्या मोलकरणीला, रखवालदाराला, शेजारच्या इमारतीवर काम करणाऱ्या मजुराला एकदां विचारा कीं, तुमची मोजणी झाली काय? वाशिमच्या एखाद्या कुलूप लागलेल्या घराचा मालक कदाचित् आपल्याच इमारतीच्या पायथ्याशीं पत्र्याच्या खोलींत राहत असेल.

पुष्कळ ठिकाणीं ओसाड पांढरीवरच्या मारुतीला आजहि वर्षांतून एकदां नैवेद्य जातो. ज्यांचे पूर्वज तेथून उठले ते शेजारच्या गांवांतून येतात, शेंदूर लावतात, नारळ फोडतात आणि दिवा लावून परत जातात. त्या एका संध्याकाळपुरतें तें गांव बेचिराख नसतें.